सोलापूरहून वसईला राहायला जाताय? आधी भिंत बघा, मग भाडं विचारा

गेल्या गड्ड्याच्या जत्रेला सोलापूरला घरी आलो होतो तेव्हा होम मैदानावर पोरांना पाळण्यात बसवून खाली उभा होतो तर शाळेतला एक दोस्त भेटला. म्हणाला पोराला अंधेरीत जॉब लागलाय, वसईला खोली बघायलोय, तू राहतोस ना तिकडं, काय काय बघायचं असतं सांग की बे. पाळणा थांबेपर्यंत किती सांगणार, तरी अर्धा तास बोललो आणि घरी आल्यावर आठवलं की निम्मं सांगायचंच राहिलं. दरवर्षी कुणी ना कुणी हेच विचारतंय म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकू. मी गेलो तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं आणि पहिल्याच घरात चांगला फसलो.

कसा फसलो ते आधी सांगतो, बाकीचं त्यातूनच येतंय.

एप्रिलमध्ये घर बघायला गेलो. सोलापुरात तेव्हा ४२-४३ डिग्री, रात्री गच्चीवर पाणी मारून झोपायचे दिवस. वसई पश्चिमेला एका जुन्या बिल्डिंगमध्ये सगळ्यात वरच्या मजल्यावर वन बीएचके दाखवला, बेडरूमची खिडकी पश्चिमेला, संध्याकाळी असलं वारं की पंखा बंद करून बसलो. आपण सोलापूरची माणसं घर बघताना दोनच गोष्टी विचारतो, ऊन किती तापतंय आणि पाणी किती दिवसांआड येतंय. इथं वारं फुकट, पाणी रोज, आणि भिंतीला नवाकोरा रंग. तिथंच टोकन देऊन मोकळा झालो. जूनमध्ये पाऊस लागला आणि चौथ्या दिवशी त्या पश्चिमेच्या भिंतीवर तळहाताएवढा ओला डाग दिसला, जुलैत अख्खी भिंत काळी. भिंतीतल्या कपाटात आईनं दिलेल्या चार सोलापुरी चादरी होत्या, प्लास्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेल्या, घडी उलगडली तर आत बुरशीचे काळे ठिपके आणि असला कुबट वास की तीनदा धुतल्या तरी जाईना. आणि त्याच आठवड्यात कडक भाकरी. घरनं आणलेली थप्पी होती, डब्याचं झाकण नीट बसलं नव्हतं, दुसऱ्या दिवशी एक काढून मोडायला गेलो तर ती मोडेना, वाकली. कडक भाकरी वाकताना मी जन्मात पहिल्यांदा बघितली. तेव्हा सादळणं हा शब्द नीट कळला, आपल्याकडं तो फार तर पापडाला लागतो, तिकडं माणूस सोडून सगळंच सादळतं.

आपल्याकडं पाणी आलं नाही म्हणून बोंब असते, तिकडं पाणी आलं म्हणून. घर बघताना हे डोक्यात ठेवलं की निम्म्या चुका टळतात.

घर कधी बघायचं आणि काय बघायचं

जमलं तर जुलैत बघा, भर पावसात, छत्री घेऊन. एजंट म्हणेल साहेब पाऊस उघडू द्या मग जाऊ, त्याला म्हणायचं नाही, आत्ताच. पावसात भिंत खोटं बोलत नाही. पण जॉइनिंग काय आपल्या सोयीनं येत नाही, त्यामुळं बहुतेक लोक मार्च ते मे मध्येच घर बघतात आणि तेव्हा सगळी घरं देखणी असतात. मग उन्हाळ्यात ओल कशी ओळखायची?

एकाच भिंतीला किंवा भिंतीच्या खालच्या अर्ध्यालाच ताजा रंग असेल तर संशय घ्या. बोटानं टकटक करून बघा, ओल खाल्लेलं प्लास्टर पोकळ वाजतं. खिडकीच्या खालचा कोपरा, कपाटाच्या मागची बाजू, पलंगाच्या मागची भिंत, इथं पांढरी पावडर सुटलेली दिसली तर तो लोणा, म्हणजे भिंतीत पाणी येऊन जाऊन मीठ बाहेर पडलंय. बाथरूमच्या छताकडं मान वर करून बघाच, वरच्या घरातलं लीकेज तिथं पिवळ्या डागात दिसतंय आणि ते सोसायटीचं, वरच्याचं की मालकाचं या भांडणात तुमचं वर्ष जातंय. कपाट उघडून आत नाक घाला. हसू नका, कपाटाचा वास रंगानं झाकत नाही.

पावसाळ्यातलं वारं नैर्ऋत्येकडनं येतंय, म्हणजे दक्षिणेची आणि पश्चिमेची भिंत सगळा मारा खाते. त्या बाजूला दुसरी बिल्डिंग आडवी असेल तर ती आपल्या फायद्याची आहे. एजंट ज्याला ओपन साईड, हवेशीर म्हणून हजार रुपये जास्त सांगतो तीच भिंत जूनमध्ये गळते. सगळ्यात वरचा मजला घेत असाल तर गच्चीवर पत्र्याची शेड आहे का बघा, तिकडं जवळजवळ प्रत्येक जुन्या बिल्डिंगवर असते आणि ती उगाच नसते. तळमजला स्वस्त मिळतो आणि त्याचं कारण पुढं सांगतो. मधला मजला, पूर्वेची किंवा उत्तरेची खिडकी, माझं मत विचाराल तर हेच घ्या, संध्याकाळचं वारं थोडं कमी लागलं तर लागू दे.

आता एक जरा गंभीर. जिन्यात, पार्किंगच्या छताला, बाल्कनीच्या खालच्या बाजूला सिमेंटची ढलपी पडून गंजलेल्या सळ्या दिसतात का बघा. खाऱ्या हवेतलं मीठ काँक्रीटमध्ये मुरतं, सळई गंजते, गंजली की फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते. आपल्याकडं तीस वर्षांची बिल्डिंग म्हणजे नवीच म्हणायची, तिकडं तिचं वय वेगळं मोजतात. सोसायटीच्या उपविधीत, म्हणजे नियमावलीत, १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि ३० च्या वरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, करायची असं आहे. सेक्रेटरीला साधं विचारा, ऑडिट झालंय का. उत्तरापेक्षा त्याचं तोंड बघा.

पाणी कुठंपर्यंत येतं

वसईला समुद्र आहे पण तो स्टेशनवरनं दिसत नाही. वसई रोड स्टेशनहून पश्चिमेला माणिकपूर, अंबाडी रोड, साईनगर हा दाट शहरी भाग, पुढं पापडी, मग वसई गाव, चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये घेतला तो किल्ला, पाचूबंदरचा कोळीवाडा, सुरुची बाग. रिक्षानं वीस-पंचवीस मिनिटं तरी. पूर्वेला गोखिवरे, वालीव, कारखाने आणि पलीकडं हायवे. त्यामुळं जाहिरातीत समुद्राजवळ लिहिलं असलं तरी भाडं स्टेशनच्या अंतरावर ठरतं, समुद्राच्या नाही. जितकं स्टेशनपासून लांब तितकं स्वस्त, पण रोजची शेअर रिक्षा जोडून हिशोब करा, दोघं नोकरी करणारे असतील तर चार फेऱ्या रोजच्या, महिन्याचा आकडा काढला की स्वस्त घर महाग निघतं.

पण समुद्र लांब असला तरी खाडी जवळ असते हे आपल्या लक्षात येत नाही. आपल्याकडं पाऊस पडला की पाणी ओढ्यानं निघून जातं. तिकडं पावसाचं पाणी नाल्यातनं खाडीत आणि खाडीतनं समुद्रात जातं, आणि भरतीच्या वेळी समुद्रच वर आलेला असतो तर पाणी जाणार कुठं, ते तिथंच तुंबतं. त्यात अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते. मोठा पाऊस आणि मोठी भरती एका वेळी आली की रस्ता गेला. दोन भरत्यांमध्ये साडेबारा तासांच्या आसपास अंतर असतं आणि रोजची वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढं सरकते, तिकडचे लोक हे सहज बोलून जातात, मला कळायला एक पावसाळा लागला. पाऊसही आपल्याकडच्यासारखा नाही. आपला खरा पाऊस सप्टेंबरात, तोही आला तर आला. तिकडं आपल्या वर्षभराच्या तिप्पट पाऊस होतो आणि त्यातला बराचसा जून-जुलैत.

२०१८ च्या जुलैत वसई-विरार पाण्यात होतं, रुळांवर पाणी आल्यामुळं लोकल बंद पडल्या, वीज सुरक्षेसाठी बंद ठेवावी लागली, मिठागरात लोक अडकले होते. घर बघायला जाल तेव्हा हा एकच प्रश्न विचारा, २०१८ ला पाणी कुठंपर्यंत आलं होतं? पण मालकाला नका विचारू आणि एजंटाला तर नकोच. बिल्डिंगखालचा इस्त्रीवाला, दूधवाला, किराणा दुकानदार यांना विचारा. इस्त्रीवाला तोंडानं सांगतच नाही, हात लावून दाखवतो, गुडघा म्हणजे ठीक, कंबर म्हणजे दुसरी गल्ली बघा. मीटरची पेटी जमिनीपासून किती उंच लावलीय तेही बघा, ज्या बिल्डिंगीत ती वर उचलून नवी लावलीय तिथं काहीतरी झालेलं असतंय. मिठागराला लागून असलेल्या किंवा भराव टाकून केलेल्या जागेवर तळमजला कितीही स्वस्त मिळाला तरी मी घेणार नाही. तो स्वस्त का, तर ह्याच्यामुळं.

प्यायच्या पाण्याचं म्हणाल तर नळाचं पाणी आणि बोअरचं पाणी असे दोन हिशोब असतात. नळाचं ठरावीक वेळ येतं, बाकी वापरायला बोअर किंवा टँकर. बोअर समुद्राच्या जवळ असेल तर पाणी मचूळ लागतं, साबणाला फेस येत नाही, तांब्याची भांडी काळी पडतात, केसांचा कुंचा होतो. आपल्याकडचं बोअरचं पाणीसुद्धा जड असतं पण हे वेगळं, हे खारट. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं पेनासारखं यंत्र दोन-तीनशे रुपयांत मिळतं, घर बघायला जाताना खिशात टाकून न्या. ५०० पर्यंत ठीक, पर्याय नसेल तर २००० पर्यंत चालतं असं भारतीय मानक सांगतं, पण हजाराच्या वर गेलं की चहा बिघडतो हे माझं मानक. आणि विचारा की मे महिन्यात टँकर किती येतात आणि त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये आहेत की वेगळे.

कागद

सोलापुरात आम्ही बाळीवेशीत अकरा वर्षं भाड्यानं राहिलो, एक कागद नव्हता. मालक वडिलांच्या ओळखीचे, एक तारखेला वडील भाडं द्यायला जायचे आणि चहा पिऊन यायचे, संपला व्यवहार. तिकडं असं करू नका, कितीही गोड माणूस असला तरी.

सगळे भाडेकरार म्हणतात पण कागदावर तो लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता राहायचा परवाना असतो, बहुतेक ११ महिन्यांचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणं करार लेखी आणि नोंदणी केलेला पाहिजे आणि नोंदणी करायची जबाबदारी मालकाची आहे. स्टँपपेपरवर नुसती नोटरी करून देतो, चालतंय सगळीकडं, असं म्हणणारे भेटतील, चालत नाही. गंमत म्हणजे नोंदणी नसेल आणि वाद झाला तर कराराच्या अटींबद्दल भाडेकरू काय म्हणतो ते धरलं जातं, उलटं सिद्ध होईपर्यंत. म्हणजे नोंदणी मालकाच्याच हिताची, हे त्याला समजावून सांगा, लगेच तयार होतो. उलट मुदत संपल्यावर तुम्ही बसून राहिलात तर कलम २४ खाली दुप्पट पैसे भरायची वेळ येते हेही माहीत असू द्या.

खर्च फार नाही. स्टँप ड्युटी पाव टक्का, ती एकूण भाड्यावर आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटच्या वर्षाला १० टक्के व्याजावर. समजा भाडं १२,००० आणि डिपॉझिट ५०,०००. अकरा महिन्यांचं भाडं १,३२,०००, डिपॉझिटचं अकरा महिन्यांचं व्याज साडेचार हजाराच्या वर थोडं, दोन्ही मिळून १,३६,५०० च्या आसपास, त्याचा पाव टक्का साडेतीनशेच्या आत-बाहेर. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये. बाकी जे काय एजंट सांगतो त्यातली बरीचशी त्याची मजुरी. ऑनलाइन होतं, माणूस घरी मशीन घेऊन येतो, दोन्ही बाजूंचे अंगठे आणि दोन साक्षीदार. साक्षीदार आधीच ठरवा, नवीन गावात आपलं कोण असतंय, मी ऑफिसमधल्या दोघांना वडापाव खायला घालून रविवारी बोलावलं होतं. हा कागद पुढं आधारवरचा पत्ता बदलायला, गॅसला, पोरांच्या शाळेला सगळीकडं लागतो.

अंगठा द्यायच्या आधी करार वाचा, अख्खा. लॉक-इन, म्हणजे मधेच घर सोडता येत नाही ती मुदत, किती महिने, नोटीस किती, सोडताना रंगाचे पैसे कापणार का, गळती झाली तर दुरुस्ती कोण करणार. शेवटचं वाक्य छापील करारात नसतंच, आग्रहानं घालून घ्या, पावसाची गळती आणि ओल याची दुरुस्ती मालक करेल आणि त्यामुळं खराब झालेल्या रंगाचे पैसे डिपॉझिटमधनं कापणार नाही. माझ्या पहिल्या घरात हे नव्हतं. काळी झालेली भिंत मालकाची, पाणी आभाळातलं, आणि रंगाचे पैसे माझ्या डिपॉझिटमधनं गेले.

मालक खरा मालक आहे का हे बघायला इंडेक्स टू, म्हणजे घराच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा, मागा आणि त्यावरचं नाव, घरपट्टीच्या बिलावरचं नाव आणि आधार जुळवा. घरपट्टीच्या बिलात शास्ती म्हणजे दंड लागलेला दिसला तर बांधकाम अनधिकृत असायची शक्यता मोठी. हे हलक्यात घेऊ नका, २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत नालासोपारा पूर्वेला कोर्टाच्या आदेशानं ४१ अनधिकृत इमारती पाडल्या, त्यात राहणारे सगळेच काही घराचे मालक नव्हते. बिल्डिंगला भोगवटा दाखला म्हणजे ओसी आहे का विचारा, लाजू नका.

आणि हेवी डिपॉझिट. आपल्याकडं हा प्रकार फारसा नाही म्हणून आपली माणसं भुलतात. पाच-सात लाख एकदम द्यायचे, महिन्याला भाडं नाही, सोडताना पूर्ण रक्कम परत. कागदावर झकास. पण मालकानं ते पैसे दुसरीकडं घातलेले असतात, नवा हेवी डिपॉझिटवाला मिळाल्याशिवाय जुन्याला परत मिळत नाहीत, आणि फ्लॅटवर कर्ज असून हप्ते थकले की बँकेची नोटीस दारावर लागते आणि तुम्ही बाहेर. गावाकडची जमीन विकून आलेले पैसे असल्या घरात अडकवलेले मी बघितलेत. नको म्हणजे नको.

एजंटाची दलाली तिकडं एक महिन्याचं भाडं असते, अकरा महिन्यांना. करार रिन्यू करताना परत मागतील, तिथं घासाघीस करा, तेच घर तोच मालक तर दलाली कसली. पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायची असते, ऑनलाइन होते, मालकाकडनं करून घ्या आणि पावती जवळ ठेवा.

सोसायटीवाले एनओसी, मूव्ह-इन चार्ज, काय काय सांगतात. आदर्श उपविधींप्रमाणं घर भाड्यानं द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, कळवावं लागतं आणि कराराची प्रत द्यावी लागते. भाडेकरू ठेवल्याबद्दल मालकाकडनं घेतात ते नॉन-ऑक्युपन्सी चार्ज सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या वर घेता येत नाहीत आणि ते मालकानं भरायचे. हे माहीत असू द्या पण पहिल्याच दिवशी सेक्रेटरीशी कायदा बोलू नका, रोज जिन्यात भेटणारा माणूस आहे. एकट्या पोराला मात्र बॅचलर म्हणून नाकं मुरडतात हे खरं आहे. दोस्ताला मी तेच सांगितलं, पोराला एकटा पाठवू नको, पहिल्या दिवशी तू आणि वहिनी सोबत जा, आईबाप बघितले की मालकाचा जीव जरा खाली पडतो.

वीज तिकडंही महावितरणचीच, त्यामुळं बिल ओळखीचं दिसेल. ताबा घेताना मीटरच्या आकड्याचा फोटो, थकबाकी शून्य असल्याचं बिल, आणि सगळ्या खोल्यांचा हळूहळू फिरवलेला व्हिडिओ, नळ सोडून, फ्लश करून, दारं उघडझाप करून. दारं विशेष बघा, पावसात फुगून बसत नाहीत. व्हिडिओ त्याच दिवशी मालकाला पाठवून ठेवा म्हणजे तारीख राहते.

लोकलचं

सिद्धेश्वर एक्सप्रेसनं पहाटे दादरला उतरा, पूल ओलांडून वेस्टर्नला या आणि विरारकडं जाणारी गाडी पकडा. सकाळी गर्दी चर्चगेटकडं असते, तुम्ही उलटे जाताय, त्यामुळं बोचकं, शेंगाची पिशवी, गादी काय असेल ते घेऊन आरामात बसता येतं. परत येताना पण तसंच, संध्याकाळी गर्दी विरारकडं आणि तुम्ही दादरकडं. १० फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारत पण आहे, पण सामान असलं की मला रात्रीची गाडीच बरी वाटते.

रोजची नोकरी मात्र गर्दीच्या बाजूनंच करायची असते. विरार ते चर्चगेट ६० किलोमीटर, वसई रोड त्याच्या अलीकडं ५२ वर. सकाळची विरार फास्ट वसईला येते तेव्हा आधीच भरून आलेली असते, दारात उभे असलेले तुम्हाला आत घेत नाहीत, आणि चुकून अंधेरीला उतरायचंय म्हणून विरार गाडीत चढलात तर उतरू देतील याची खात्री नाही. वसईहून सुटणाऱ्या लोकल आहेत, त्यांचं टाइमटेबल पाठ करा. घर पक्कं करायच्या आधी एक दिवस वर्किंग डेला सकाळी आठला वसई रोडहून ऑफिसपर्यंत खरंच जाऊन बघा. रविवारी जाऊन सोपं आहे की म्हणणारे सोमवारी रडतात. आणि हो, रिक्षावाल्याला का बे म्हणू नका. आपल्याकडं ते प्रेमानं असतंय, तिकडं भांडण लागतंय.

राहायला लागल्यावर

कपाट, पलंग भिंतीला चिकटवू नका, चार बोटं सोडा, मागं हवा खेळली पाहिजे. चादरी प्लास्टिकमध्ये बांधून ठेवू नका, माझी चूक तीच होती, आतली दमट हवा आतच राहते. जूनच्या आधी कडक उन्हात वाळवून, डांबर गोळ्या घालून ठेवा आणि पावसात ऊन पडलं की काढून हवा द्या. ओल्या सोलापुरी चादरीचं वजन तुम्हाला माहितीय, जुलैत ती तीन दिवस वाळत नाही, त्यामुळं पावसाळ्यात पांघरायला पातळ काहीतरी घ्या आणि चादर दिवाळीनंतर काढा. ज्वारीचं पोतं नेऊ नका, पाच-दहा किलो न्या, पीठ आठवड्यापुरतंच दळा. शेंगाची चटणी काचेच्या बरणीत, कोरड्या चमच्यानं, पावसाळ्यात सरळ फ्रिजमध्ये, नाहीतर खवट होते. कडक भाकरी घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि सादळलीच तर तव्यावर मंद आचेवर ठेवा, पहिल्यासारखी नाही पण मोडण्याइतकी होते. गाडीच्या चेनला तेल, गंज चढायला दोन महिने पुरतात. मिठाला पाणी सुटतं, बरणीत तांदळाचे दाणे टाका.

माणसं चांगली आहेत. जुने वसईकर घरात सामवेदी नाहीतर वाडवळी बोलतात, आपल्याला निम्मं कळत नाही, पण आपण तर शेजारी कन्नड आणि समोर तेलुगू ऐकत वाढलेली माणसं, आपल्याला काय त्याचं. सकाळी बाजारात गावातल्या बायका वाडीतली भाजी, केळी, फुलं घेऊन बसतात, तिथनं घ्या. सुकेळी म्हणून वाळवलेली केळी मिळतात, घरी येताना आणा, आमच्या आईला पहिल्यांदा ती खजुराची वडी वाटली. मासे खात असाल तर जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा ताजं म्हणून मिळेल ते बहुतेक बर्फातलं. आणि पाचूबंदरकडं घर बघायला गेलात तर बोंबील वाळत घातलेल्या दिवशी जा, त्या वासात राहता येतंय का ते तेव्हाच कळेल. आम्ही मटणवाले, आम्हाला एक वर्ष लागलं.

समुद्राचं एक सांगतो. विहिरीत सूर मारून शिकलेल्या आपल्या पोरांना वाटतं पोहता येतंय म्हणजे झालं. विहिरीला ओढ नसते. राजोडी, कळंब, अर्नाळा, कुठंही पावसाळ्यात पाण्यात उतरू नका, ओहोटी लागली की पायाखालची वाळू सरकते आणि पाणी आत ओढतं. संध्याकाळी काठावर बसा, चणे खा, घरी या.

सोडताना महिनाभर आधी नोटीस लेखी द्या, मेसेज चालतो पण उत्तर आलं पाहिजे. शेवटच्या दिवशी मीटरचा फोटो, जुना व्हिडिओ शेजारी धरून घर दाखवा आणि चावी एका हातानं, डिपॉझिट दुसऱ्या हातानं. पुढच्या आठवड्यात ट्रान्सफर करतो म्हणणाऱ्याला चावीही पुढच्या आठवड्यात द्या.

दोस्ताचा पोरगा मार्चमध्ये गेला. पहिल्या घराचा फोटो मला पाठवला, काका बघा ना मस्त आहे, तळमजला, भिंत खाली अर्धी पिवळी वर अर्धी पांढरी. म्हटलं खालच्या इस्त्रीवाल्याला विचारून ये. दहा मिनिटांनी फोन आला, काका त्यानं हात इथं लावला. इथं म्हणजे कुठं बे, फोनवर मला काय दिसतंय? म्हणाला छातीला. आता माणिकपूरला तिसऱ्या मजल्यावर राहतोय, पूर्वेची खिडकी, दोन रूममेट, एक बार्शीचा. आईला सांगून ठेवलंय पावसाळ्यात कडक भाकरी पाठवू नको म्हणून, ती पाठवतेच.